भिंतीवर उरलेले ‘आर्म्स’: इंग्लंडमधील एका बंद पबचा इतिहास कोठे शोधावा?

प्रश्न: माहुलीचा घाट (सातारा)

नमस्कार. मी साताऱ्यात सदर बझारमध्ये राहतो. मुलगा आणि सून गेल्या दीड वर्षापासून इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील एका लहान गावात भाड्याने राहतात आणि या उन्हाळ्यात आम्ही उभयता तीन महिने त्यांच्याकडे राहून आलो. त्यांचे घर विटांच्या ज्या दुमजली इमारतीत आहे, तेथे पूर्वी पब होता, असे समोर राहणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी सांगितले. मात्र तो पब त्यांनी स्वतः कधी चालू पाहिलेला नाही. त्यांच्या लहानपणीच तेथे कुटुंबे राहत होती आणि लोक त्या घराला ‘जुना पब’ म्हणत, एवढेच त्यांना आठवते.

तेव्हापासून या घराने माझ्या डोक्यात घर केले आहे. मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही, त्यामुळे हा विषय काढला की आमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींना गंमत वाटते. तरीही दुपारी सगळे कामावर गेले की मी त्या इमारतीभोवती चकरा मारत असे, आणि त्यातून चार गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. बाजूच्या भिंतीवर जुन्या रंगाची अक्षरे आहेत. पहिला शब्द पूर्ण विरला आहे, दुसरा मात्र ‘आर्म्स’ असा स्वच्छ वाचता येतो. (आरंभी मी त्याचा अर्थ ‘शस्त्रे’ असा घेतला आणि येथे बंदुकांचे दुकान असावे, असा तर्क करून मुलाला हसवले.) पुढच्या बाजूला जेमतेम सहा फुटांच्या अंतराने दोन दारे आहेत. त्यांपैकी एक विटांनी बुजवलेले आहे. ‘एवढ्याशा घराला दोन दारं कशाला?’ हा प्रश्न प्रथम आमच्या सौभाग्यवतींनी विचारला. त्या दोन दारांच्या मध्ये छातीच्या उंचीवर एक लहानशी खिडकी होती. तीही बुजवली आहे, पण तिच्या खालची दगडी फळी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. शिवाय वर लोखंडाचा एक रिकामा दांडा बाहेर आलेला आहे आणि खाली पदपथावर, भिंतीला लागून, चौकोनी झडप असावी तशी सिमेंटने भरलेली चौकट दिसते.

घर भाड्याने देणाऱ्या मध्यस्थाकडे मुलाने दोनदा विचारणा केली, पण उत्तर आले नाही. या पबचे नाव काय होते आणि तो केव्हा व का बंद पडला, हे शोधण्याचा मार्ग कोणी सांगू शकेल काय?

उत्तर: कृष्णाकाठ (सांगली)

आपण ज्या चार गोष्टी टिपल्या आहेत, त्यांतच निम्मा इतिहास आहे. मी कामानिमित्त नऊ वर्षे त्याच भागात काढली असल्याने अशा इमारती पुष्कळ पाहिल्या आहेत.

वहिनींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दोन दारे म्हणजे दोन वर्ग. एका दाराने ‘पब्लिक बार’मध्ये जायचे. तेथे कामगार मंडळी, फरशी उघडी, बाके साधी. दुसऱ्या दाराने ‘सलून बार’मध्ये जायचे. तेथे गादीच्या खुर्च्या, जमिनीवर गालिचा, आणि तीच बिअर थोडी जास्त पैशांना. पिंप एकच, नळही बहुधा एकच, पण दार बदलले की भाव बदले. आपल्याकडे जुन्या चित्रपटगृहांत पडदा एकच असून ‘स्टॉल’ आणि ‘बाल्कनी’ची दारे वेगळी असत, तसाच हा प्रकार.

मधली खिडकी मला सर्वांत मोलाची वाटते. ती घरी बिअर नेणाऱ्यांसाठी होती. जग किंवा बाटली घेऊन यायचे, खिडकीतून भरून घ्यायची आणि आत पाऊल न टाकता परत फिरायचे. बायका येत, आणि मुख्य म्हणजे लहान मुले येत, कारण कामावरून आलेला बाप पोरालाच पिटाळत असे. पोर वाटेत घोट घोट पिऊन टाकते, अशी तक्रार वाढल्यावर १९०१ साली कायदा झाला आणि चौदा वर्षांखालील मुलाला मोहोरबंद भांड्याखेरीज मद्य देण्यास बंदी आली. आपण म्हणता ती खोलगट झालेली दगडी फळी जग ठेवून ठेवून झिजलेली असणार.

पदपथावरची चौकट तळघराची आहे. बिअरची लाकडी पिंपे गाडीतून आणून दोरांच्या आधाराने, तिरप्या ठेवलेल्या लाकडी दांड्यांवरून, त्या झडपेतून खाली सोडत. तळघर थंड असल्यामुळे बिअर टिकत असे. वरचा लोखंडी दांडा पाटी टांगण्याचा. बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हते त्या काळापासून इंग्लंडमध्ये पबची ओळख चित्रावरून पटत आली आहे. म्हणूनच ‘लाल सिंह’, ‘पांढरा घोडा’ अशी नावे गावोगाव सापडतात.

आता ‘आर्म्स’. येथे या शब्दाचा अर्थ घराण्याचे मानचिन्ह. ज्या जमीनदाराच्या जागेत पब असेल, त्याच्या घराण्याचे नाव पुढे लावून ‘अमुक आर्म्स’ म्हणत आणि पाटीवर त्याची ढाल रंगवीत. मिडलंड्समधलेच प्रसिद्ध उदाहरण सांगतो. स्टॅफर्डशायरमधील हिमली येथे १७६५ साली बांधलेले एक शेतघर होते. १८३०च्या सुमारास तेथे मद्यगृह सुरू झाले आणि ग्लिन या जमीनदार घराण्यावरून त्याला ‘ग्लिन आर्म्स’ हे नाव मिळाले. (पंतप्रधान ग्लॅडस्टन यांची पत्नी याच घराण्यातली.) खाली कोळशाच्या खाणी असल्याने जमीन खचत गेली आणि इमारतीची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे चार फुटांनी खाली गेली. लोक तिला ‘क्रूकेड हाउस’, म्हणजे वाकडे घर, म्हणू लागले. १९४०च्या दशकात ती पाडण्याचे घाटत होते, परंतु एका मद्यउत्पादक कंपनीने ती घेतली आणि टेकू देऊन, लोखंडी तुळया घालून वाकडीच ठेवली. आत टेबलावर ठेवलेली गोटी चढावर गेल्यासारखी दिसे. मी स्वतः ती सोडून पाहिली आहे आणि डोळ्यांवर विश्वास बसत नाही, एवढे खरे.

५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री त्या इमारतीला आग लागली आणि दोनच दिवसांत यंत्र लावून उरलेल्या भिंतीही भुईसपाट करण्यात आल्या. त्याच्या काही दिवस आधीच तिची विक्री झालेली होती. गावकऱ्यांनी विटा गोळा करून ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्थानिक परिषदेने, इमारत होती तशी पुन्हा बांधा, असा आदेश काढला. लंडनमधील किलबर्न भागात हे आधी घडलेही आहे. तेथील ‘कार्लटन टॅव्हर्न’ हे मद्यगृह २०१५ मध्ये विनापरवाना पाडण्यात आले होते. मालकांना ते विटांसकट पूर्ववत बांधावे लागले आणि २०२१ मध्ये ते पुन्हा उघडले.

तेव्हा आपल्या गावाच्या आसपास कोणते जमीनदार घराणे होते, ते पाहा. नाव सापडेल.

उत्तर: मुक्काम कराड

१ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये पबच्या आत धूम्रपानास बंदी आली आणि त्यानंतर पब धडाधड बंद पडले, असे वाचले आहे. बिअरवरील करही त्याच सुमारास वाढत गेला. २००० साली संपूर्ण ब्रिटनमध्ये ६०,००० च्या आसपास पब होते, ते आता ४५,००० च्या घरात आले आहेत. आपला पबही त्याच लाटेत गेला असावा.

उत्तर: जुना उतारा (सातारा)

मुक्काम कराड यांची माहिती बरोबर आहे, पण ती या घराला लागू होत नाही. ऐंशी वर्षांच्या आजींच्या लहानपणी जे बंद होते, ते २००७ मध्ये पुन्हा कसे बंद पडेल?

कृष्णाकाठ यांनी इमारत वाचून दाखवली, ती मला फार आवडली. मात्र त्यांच्या शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. माझी सारी नोकरी भूमी अभिलेखात गेली. तेथे शिकलेली गोष्ट अशी, की घराचे नाव फसवते, माणसाचे नाव फसवत नाही. ‘आर्म्स’च्या आधीचा शब्द शोधण्यात वेळ घालवू नका. त्या दारावर कोणाचे नाव होते, ते शोधा. इंग्लंडमध्ये परवाना इमारतीला मिळत नसे, त्या इमारतीपुरता एका माणसाला मिळत असे, आणि त्याचे नाव प्रवेशद्वारावर लिहिलेले असे. माणूस बदलला की परवाना दुसऱ्याच्या नावे करून घ्यावा लागे, म्हणजे आपल्याकडची फेरफार नोंदच. त्या नोंदी ओळीने लावल्या की पबचा पूर्ण इतिहास हाती येतो.

एवढ्याशा घरात पब होता, त्यामुळे १८३० चा बिअर कायदा आपण समजून घेतलाच पाहिजे. त्यापूर्वी मद्यगृह काढायचे तर स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांची मर्जी लागत असे. लोकांनी जिनसारखी कडक दारू सोडून बिअरकडे वळावे आणि धान्याला गिऱ्हाईक वाढावे, या हेतूने सरकारने ही अट काढून टाकली. कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाने दोन गिनी भरायच्या आणि आपल्या राहत्या घरात बिअर विकायची. पहिल्या सहा महिन्यांतच चोवीस हजारांहून अधिक परवाने गेले! कोणाच्या पुढच्या खोलीत, कोणाच्या सुतारकामाच्या जागेत, कोणाच्या किराणा दुकानाच्या मागे अशी ‘बिअरहाउसे’ उघडली. ही मोकळीक १८६९ मध्ये संपली आणि पुन्हा दंडाधिकाऱ्यांचा अंमल सुरू झाला.

याचा परिणाम असा, की अशा बिअरहाउसांची नावे त्या काळच्या व्यापारी सूचींत अनेकदा सापडतच नाहीत. ‘अमुक, बिअर विक्रेता, तमुक रस्ता’ एवढीच ओळ असते. पबच्या नावाने शोध घेणारा तेथेच अडतो आणि येथे पब नव्हताच, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

म्हणून मी असे करीन. प्रथम ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे २५ इंची (मैलाला २५ इंच) नकाशे पाहीन. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, साताऱ्यात बसूनही पाहता येतात. त्या घरावर ‘पी. एच.’ असेल तर पूर्ण परवान्याचा पब, ‘बी. एच.’ असेल तर बिअरहाउस. मग जनगणना. १८४१ पासून दर दहा वर्षांनी माणसांची नावे मिळतात, १९२१ पर्यंतची पाने खुली झालेली आहेत. १९३१ ची पाने आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणना झाली नाही. मात्र २९ सप्टेंबर १९३९ रोजी ओळखपत्रांसाठी केलेली नोंदवही ती उणीव बरीच भरून काढते. एकाच पत्त्यावर दर वेळी कुटुंबप्रमुखाचा धंदा काय लिहिला आहे, ते पाहत जायचे. ज्या गणनेत तो धंदा नाहीसा होतो, तिच्या आधीच्या दहा वर्षांत पब बंद झाला.

परवान्यांच्या मूळ वह्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात असतात. जुन्या वह्या साधारणतः १७५३ ते १८२८ या काळातल्या, आणि नंतर १८७२ च्या कायद्याने पुन्हा नोंदवही सक्तीची झाली. आणि एक रत्न माझ्याकडून विशेष शिफारशीचे: लॉईड जॉर्ज अर्थमंत्री असताना १९१० च्या कायद्याने देशातील यच्चयावत जमीन-घरांचे मूल्यांकन झाले, ३० एप्रिल १९०९ ही तारीख धरून. त्या वेळच्या पाहणी-वह्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपला नगर भूमापनाचा मालमत्ता पत्रक उतारा, त्यात पाहणी करणाऱ्याने खोल्या मोजून, तळघर बघून, इमारतीची डागडुजी कशी आहे ते लिहिलेले. ज्या जमीन-करासाठी हे मूल्यांकन झाले, तो १९२० मध्ये रद्द झाला, कागद मात्र राहिले. कागद नेहमीच राहतात, फक्त मागणारा यावा लागतो.

जाता जाता, विषय सोडून नव्हे. सातारकराने इंग्लंडच्या मद्यगृहांचा विषय काढला की मला रंगो बापूजी गुप्ते आठवतात. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यानंतर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे कंपनी सरकारचे उंबरठे झिजवीत राहिले. लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत अर्ज पडून राहत, आणि त्याच शहरात, ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील ‘अल्बियन’ नावाच्या टॅव्हर्नमध्ये, हिंदुस्थानात निघालेल्या गव्हर्नर जनरलांना कंपनीचे संचालक निरोपाच्या मेजवान्या देत. ती कचेरीही आज नाही आणि ते टॅव्हर्नही नाही.

उत्तर: विश्रामबाग (सांगली)

वरील उत्तरांत बंद होण्याचे कारण मागे राहिले, म्हणून लिहिते. माझी बहीण बर्मिंगहॅमजवळ राहते आणि तिच्या गल्लीतील एका अशाच घराचा शोध आम्ही दोघींनी मिळून घेतला होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बंद झालेला लहान पब म्हटले, की प्रथम १९०४ च्या परवाना कायद्याकडे पाहावे. त्या काळी इंग्लंडमध्ये मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती आणि एका रस्त्यावर चार-चार पब कशाला, असा आक्षेप होता. कायद्याने असे ठरवले, की दंडाधिकाऱ्यांना एखादा पब अनावश्यक वाटला तर गुन्हा नसतानाही त्याचा परवाना नाकारता येईल, परंतु मालकाला भरपाई द्यावी लागेल. ती भरपाई सरकारी तिजोरीतून नव्हे, तर चालू राहिलेल्या पबांवर पट्टी बसवून उभारलेल्या निधीतून द्यायची. मेलेल्याच्या दिवसांचा खर्च जगलेल्या भाऊबंदांनी उचलावा, तसा हा हिशेब.

आपल्याकडे दारूचे दुकान बंद करायचे तर गावातील महिलांचे मतदान होते आणि ‘आडवी बाटली’ जिंकली की दुकान बंद. दुकानदाराला तेथे कोणी भरपाई विचारीत नाही. इंग्लंडमध्ये मात्र भरपाई द्यायची म्हणून प्रत्येक पबची सुनावणी झाली, आणि सुनावणी झाली म्हणून कागद तयार झाले. किती पिंपे खपतात, शेजारी किती पावलांवर दुसरा पब आहे, शौचालयाची व्यवस्था काय, भाडेकरू किती वर्षे आहे, हे सारे त्यात येते. स्थानिक वर्तमानपत्रे ते छापत. भरपाईचा मोठा वाटा बहुधा इमारतीची मालक असलेल्या मद्यउत्पादक कंपनीकडे जाई, कारण पब चालवणारा तिचा भाडेकरू असे आणि त्याला बिअर तिच्याचकडून घ्यावी लागे. आयुष्यभर दार उघडणाऱ्या माणसाच्या हाती थोडेच पडे. हे वाचताना मला राग आला होता.

जुन्या वर्तमानपत्रांविषयी आणखी एक. अपघाती मृत्यूची चौकशी त्या काळी पबमध्ये भरत असे, कारण गावात तेवढी मोठी खोली दुसरी नसे. १९०२ च्या कायद्याने, अन्य योग्य जागा मिळत असेल तर पबमध्ये चौकशी भरवू नये, असे ठरले. म्हणून रस्त्याचे नाव घालून अशा चौकश्यांच्या बातम्या शोधाव्यात. बातमीत पबचे नाव पूर्ण असते. आमच्या शोधात नाव तसेच मिळाले. नाताळच्या बातम्याही पाहाव्यात, कारण पबमध्ये भिशी चाले. दर आठवड्याला पैसे टाकायचे आणि नाताळच्या तोंडावर वाटून घ्यायचे. तिचा खजिनदार पैसे घेऊन पळाला की बातमी हमखास.

आणि जवळच्या बसथांब्याचे नाव पाहिले आहे काय? पब जातो, पण थांब्याचे नाव जात नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेची ‘एंजल’, ‘रॉयल ओक’, ‘स्विस कॉटेज’ ही स्थानकांची नावे मुळात पबांचीच. सातारकरांना हे वेगळे सांगायला नको, महामार्गावरचा त्यांचा चौकही ‘बॉम्बे रेस्टॉरंट’च आहे.

माहुलीचा घाट (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाने दोन शनिवार या कामात घालवले, ते असे.

बसथांब्याचे नाव चर्चवरून आहे, तो मार्ग खुंटला. नकाशावर मात्र त्या घरावर ‘बी. एच.’ ही दोन अक्षरे निघाली, तेव्हा जुना उतारा यांचा अंदाज बरोबर ठरला. १९०१ च्या जनगणनेत त्या पत्त्यावर बिअर विक्रेता म्हणून एका पुरुषाचे नाव आहे. १९११ मध्ये त्याच आडनावाची विधवा, धंदा तोच, आणि पदरी तीन मुले. १९२१ मध्ये ते आडनाव नाही. तेथे रेल्वेत काम करणारे एक कुटुंब राहते आहे.

मी ही नोंद घरात वाचून दाखवली. सौभाग्यवतींचे लक्ष पबच्या नावावर नव्हतेच. नवरा गेल्यावर त्या बाईने खिडकी चालू ठेवली असेल की आधी दुसरे दार बुजवले असेल, असे त्या विचारत होत्या. भरपाईच्या सुनावणीची वही जिल्हा अभिलेखागारात आहे आणि ती पाहण्यासाठी मुलाने पुढच्या महिन्यातील वेळ मागून घेतली आहे. ‘आर्म्स’च्या आधीचा शब्द अजून सापडलेला नाही.

जुना उतारा (सातारा)

त्या वहीत बाईची सही किंवा अंगठा असेल, तर त्या पानाचे छायाचित्र अवश्य काढून घ्यायला सांगा. आणि १९१० ची पाहणी-वही विसरू नका. त्या वेळी घर तिच्याच ताब्यात असण्याचा संभव आहे, म्हणजे दुसरे दार तेव्हा उघडे होते की बुजवलेले, हे कदाचित तेथे लिहिलेले सापडेल.